पांढरा उंदीर आणि शेजारधर्म

उंदराविषयी मनुष्याचे मत कधीच एक राहिलेले नाही. धान्याच्या कोठारात तो शत्रू ठरतो, गणपतीच्या पायाशी त्याला वाहनाचा मान मिळतो आणि प्रयोगशाळेत तो संशोधकाचा मुका सहकारी होतो. संस्कृतातील मूषक हा शब्द चोरणे या अर्थाच्या मुष् धातूशी जोडला जातो. मनुष्याने धान्य साठविण्यास प्रारंभ केला तेव्हापासून हा लहानसा प्राणी त्याच्या घरात बिनबोलावता राहत आला आहे. तोच प्राणी पांढरे अंग आणि तांबडे डोळे घेऊन पिंजऱ्यातून विकत आणला जातो, तेव्हा घरात एक जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. त्याला घरात घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे असल्यास कसे हाताळावे?

हा प्रश्न कोठेही उद्भवू शकतो. परंतु एका विशिष्ट वस्तीच्या संदर्भात त्याचा विचार केला म्हणजे त्यातील मर्म चांगले ध्यानी येते. लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यालगत, वृंदावन योजना नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने ती वसविली. तेथे बहुमजली सदनिका आहेत, स्वतंत्र घरे आहेत, आणि अद्याप बांधकाम न झालेले मोकळे भूखंडही आहेत. जेथे रिकामी जागा, बांधकामाचा राडारोडा आणि उघडी गटारे असतात, तेथे घरउंदीर, मोठा उंदीर आणि घूस या सर्वांचाच वावर असतो. या वसाहतीच्या शेजारीच, त्याच रस्त्यावर, संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थान हे मोठे रुग्णालय आहे. तेथे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासारख्या अवघड शस्त्रक्रिया होतात. अशा रुग्णालयाच्या आसपास दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे नातलग खोल्या भाड्याने घेऊन राहतात, ही सर्वत्रच दिसणारी गोष्ट आहे. एका भिंतीपलीकडे मुलाचा पिंजरा आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे नुकताच रुग्णालयातून आलेला अशक्त मनुष्य, अशी स्थिती तेथे सहज संभवते.

अशा घरात दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, उंदीर तो उंदीरच. तो काय पाळावयाचा? मुले म्हणतात, तो इतका लहान आणि गोजिरवाणा आहे की त्याच्यापासून भय कसले? ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्या मतात अनुभव आहे, पण भेद करण्याची दृष्टी नाही. दुसऱ्यात माया आहे, पण माहिती नाही. उंदीर पाळणे हे मुळात धोक्याचे नाही आणि मुळात निर्धोकही नाही. त्याचे निर्धोकपण पाळणाऱ्याच्या हातावर, त्याच्या सवयीवर आणि शेजाऱ्याविषयीच्या त्याच्या जाणिवेवर अवलंबून असते. म्हणूनच हा प्रश्न केवळ हौसेचा नसून शेजारधर्माचा आहे.

जुन्या भीतीचे मूळ

वडीलधाऱ्यांच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे त्या साथीने महाराष्ट्रभर थैमान घातले. घरात उंदीर मरून पडला की ते मृत्यूचे आगाऊ निमंत्रण समजले जाई. लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. त्या काळच्या आठवणी मराठी घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी आणि त्यानंतर सुरतेस प्लेगची वार्ता आली, तेव्हा या विस्मृतप्राय भीतीने पुन्हा डोके वर काढले.

परंतु भीतीने जे पाहिले नाही ते शास्त्राने पाहिले. पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून असे दाखविले की, एका उंदरापासून दुसऱ्या उंदराकडे प्लेग नेणारा दूत पिसू हा होय. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडू लागले की पिसवा त्याला सोडतात आणि नव्या उबदार शरीराच्या शोधात निघतात. शिवाय त्या साथींत मुख्य वाटा काळ्या मोठ्या उंदराचा होता; चिमुकल्या घरउंदराचा नव्हे. तेव्हा बंद घरात, पिंजऱ्यात वाढलेल्या आणि अंगावर पिसू नसलेल्या पांढऱ्या उंदराला प्लेगचा दूत समजणे हे जुन्या अनुभवाचे चुकीचे अनुमान आहे. मात्र त्या अनुभवात एक टिकाऊ सत्यही आहे. उंदीर स्वतःपुरता कधीच नसतो. त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरचे, त्याच्या रक्तातले आणि त्याच्या मूत्रातले अदृश्य जीवही घरात येतात. प्रश्न एवढाच की, ते कोणते आणि कोठून आलेले?

पांढऱ्या उंदराची कुळकथा

बाजारात पांढरा उंदीर या एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी विकले जातात. एक लहान, प्रौढपणी वीस ते चाळीस ग्रॅम वजनाचा, घरउंदराच्या कुळातला. आणि दुसरा मोठा, तीनशे ग्रॅमच्या घरात किंवा त्याहून अधिक भरणारा, गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदराच्या कुळातला. येथे लहान उंदराचाच विचार केला आहे. भिंतीच्या कडेने धावणारी, लांब सोंडेची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदराच्या गणातलीच नव्हे. ती कीटकभक्षक प्राणी आहे, हेही ध्यानी ठेवावे.

हौसेखातर उंदीर पाळणे ही अगदी नवी गोष्ट नाही. जपानात क्योतो येथे १७८७ साली नाना रंगांचे उंदीर कसे पैदा करावे याविषयी एक पुस्तिकाच छापली गेली होती. इंग्लंडात १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. या हौशी लोकांनी निवडून जोपासलेल्या उंदरांतूनच पुढे प्रयोगशाळांतील वंश निघाले. १९२६ साली क्लारा लिंच या संशोधिकेने स्वित्झर्लंडमधील लोझान येथून दोन नर व सात माद्या अमेरिकेत नेल्या. आज ‘स्विस’ या नावाने ओळखले जाणारे पांढरे उंदीर त्या नऊ प्राण्यांचे वंशज होत.

भारतातही या प्राण्याचे ऋण थोडे नाही. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांच्या जोपासलेल्या वंशांवर केला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९५७ साली क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू शोधून काढला, तोही प्रयोगशाळेतील उंदरांच्या साह्याने. खुद्द लखनौत १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. ती संस्था आता शहराच्या उत्तरेकडील जानकीपुरम विस्तारात आहे, आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांची शास्त्रशुद्ध जोपासना हे तिच्या कार्याचे एक अंग राहिले आहे.

या कुळकथेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळांच्या समजुतीच्या उलट आहे. प्रयोगशाळेतील उंदीर निरोगी असतो तो त्याच्या पांढऱ्या रंगामुळे नव्हे. तो निरोगी असतो तो त्याच्याभोवती उभारलेल्या व्यवस्थेमुळे. तेथे बाहेरच्या उंदराला मज्जाव असतो, खाद्य बंद पेटीत असते, भुसा ठरावीक दिवशी बदलला जातो, सेवक हात धुऊन आत येतो, आजारी प्राणी तत्काळ वेगळा केला जातो. ही व्यवस्था काढून घेतली की तोच पांढरा उंदीर काही आठवड्यांत इतर उंदरांसारखा होऊ शकतो. बाजारातील दाटीवाटीच्या पिंजऱ्यात, शेजारी धान्याची पोती आणि रात्री मोकाट फिरणारे घरउंदीर असतील, तर तेथील पांढऱ्या प्राण्याला त्यांचे रोग जडण्यास आडकाठी कोणती? पांढरा रंग हा आरोग्याचा दाखला नव्हे.

धोका नेमका कोणता

उंदराच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. ग्रेच्या प्रसिद्ध शरीरशास्त्र ग्रंथाची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होते. १८८७ साली त्यांनी एका भारतीय उंदराच्या रक्तात सूक्ष्म, मळसूत्राच्या आकाराचा जंतू पाहिल्याची नोंद केली. मूषकदंश ज्वर नावाच्या रोगाच्या दोन कारणांपैकी हे एक होय. दुसरे कारण म्हणजे उंदरांच्या घशात राहणारा एक निराळा जंतू. चावा भरून येतो, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पुरळ उठते. वेळीच ओळखला तर हा रोग पेनिसिलीनने बरा होतो. न ओळखला तर प्राणावर बेतू शकतो. म्हणून ताप आलेल्या मुलाच्या पालकाने वैद्याला ‘घरात उंदीर पाळला आहे’ हे आपण होऊन सांगणे, हा उपचाराचाच एक भाग समजावा.

लेप्टोस्पायरोसिस हा दुसरा रोग. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पूर ओसरल्यावर या रोगाने शहराला ग्रासले, हे महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. परंतु त्याच्या मूत्रावाटे ते बाहेर पडतात आणि मनुष्याच्या त्वचेवरील जखमेतून किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या कोमल आवरणातून शरीरात शिरतात. कोरड्या व स्वच्छ पिंजऱ्यात ते फार काळ तग धरीत नाहीत. ओलावा हाच त्यांचा आधार होय.

तिसरा रोग वृंदावन योजनेसारख्या वस्तीच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. घरउंदराच्या शरीरात एक विषाणू राहतो. तो मनुष्याच्या मेंदूच्या आवरणास सूज आणतो. धडधाकट मनुष्यास त्यामुळे बहुधा साधा ताप येतो, अथवा काहीच होत नाही. परंतु गर्भवतीस तो झाला तर गर्भाच्या मेंदूस व डोळ्यांस कायमची इजा होऊ शकते. आणि ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, अशा रुग्णास तो मारक ठरतो. २००५ साली अमेरिकेत एका मृत दात्याच्या अवयवांचे चार रुग्णांवर प्रत्यारोपण झाले. चौघेही आजारी पडले आणि त्यांपैकी तिघे दगावले. शोध घेता असे आढळले की, दात्याच्या घरी नुकताच दुकानातून एक हॅमस्टर, म्हणजे उंदराच्याच गणातला एक लहान प्राणी, आणला होता, आणि त्याच्या शरीरात तोच विषाणू होता. दात्यास स्वतःस या रोगाचे कोणतेही उघड लक्षण नव्हते. दुकानातील एका लहानशा प्राण्यापासून निघालेली ही साखळी ज्यांनी तो प्राणी कधी पाहिलाही नव्हता अशा लोकांपर्यंत जाऊन पोचली.

ही घटना दुर्मीळ होती, हे खरे. तिच्यावरून प्रत्येक पिंजऱ्यात मृत्यू दडला आहे असे अनुमान काढणे हास्यास्पद होईल. परंतु तिच्यातील बोध दुर्मीळ नाही. प्राणी पाळणाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी देतो.

कोणी पाळू नये

यावरून काही मर्यादा सरळच निघतात आणि त्या स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. ज्या घरात गर्भवती स्त्री आहे, प्रत्यारोपण झालेला अथवा कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण आहे, त्या घरात नवा उंदीर आणू नये. ज्या घरमालकाने खोली रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबास भाड्याने दिली आहे, त्याने पिंजरा सामाईक व्हरांड्यात, जिन्यात किंवा सामाईक मोरीजवळ ठेवू नये, आणि नव्या भाडेकऱ्यास त्याची कल्पना द्यावी. दमेकरी माणसाच्या घरीही दोनदा विचार करावा. उंदराच्या मूत्रातील प्रथिने वाळून धुळीत मिसळतात आणि संवेदनशील माणसास शिंका, डोळ्यांची खाज व धाप आणतात. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांमध्ये हा विकार सुपरिचित आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती उंदीर देऊ नये, कारण त्यांचा हात तोंडात जातो आणि त्यांची पकड आवळली जाते.

यावर एक आक्षेप येईल. इतक्या विरळ रोगांसाठी मुलांचा निष्पाप आनंद का हिरावून घ्यावा? आक्षेप वजनदार आहे. कुत्र्यापासून, मांजरापासून, किंबहुना पाळलेल्या पोपटापासूनही रोग होतात, तरी कोणी ते प्राणी निषिद्ध ठरवीत नाही. येथेही निषेध सुचविलेला नाही. वर सांगितलेली घरे सोडली तर उरलेल्या असंख्य घरांत उंदीर खुशाल पाळावा. मूल लहान जिवाची निगा राखण्यास शिकते, जन्म आणि मृत्यू जवळून पाहते, निरीक्षणाची सवय लावून घेते. हे लाभ थोडे नाहीत. मागणे एवढेच की, ज्या घरात एका माणसाचा जीव औषधांच्या नाजूक तोलावर उभा आहे, तेथे मुलाने आपली हौस काही महिने पुढे ढकलावी. हे शिकणे उंदीर पाळण्याहूनही मोठे शिक्षण ठरेल.

निवड आणि निवारा

घरात सापळ्यात सापडलेला उंदीर पाळावयाचा नाही, हा पहिला नियम. तो कितीही गोंडस दिसला तरी त्याचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. विक्रेत्याकडून घ्यावयाचा असल्यास प्राणी नोंदणीकृत दुकानातून घ्यावा. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांना राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या नियमांत कुत्री-मांजरांबरोबर उंदरांचाही उल्लेख आहे. निरोगी उंदराचे डोळे स्वच्छ, केस गुळगुळीत, श्वास निःशब्द आणि हालचाल चपळ असते. शिंकणारा, केस पिंजारलेला, पाठ वाकवून बसलेला प्राणी दयेपोटी घरी आणू नये.

एकटा उंदीर झुरतो; म्हणून दोन माद्या एकत्र ठेवणे उत्तम. दोन प्रौढ नर बहुधा भांडतात आणि त्यांच्या मूत्राचा वासही उग्र असतो. नर-मादीची जोडी ठेवणे हा तर अविचारच होय. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिले, आणि वेत झाल्याबरोबर मादी पुन्हा गर्भधारणेस सिद्ध; दोन-तीन महिन्यांत पिंजऱ्यात पंधरा-वीस जीव होतात. मग ते कोणी तरी मोकळ्या भूखंडावर सोडून येतो. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा उंदीर तेथे मांजराच्या, घारीच्या किंवा भुकेच्या तोंडी पडतो. ही मुक्तता नव्हे. ती निष्ठुरता होय.

पिंजरा पत्र्याचा किंवा जाड काचेचा, वरून दाट जाळीचा असावा. ज्या फटीत पेन्सिल शिरते त्या फटीतून उंदराचे पिलूही निसटते. पिंजऱ्याला दोन्ही बाजूंनी बंदोबस्त लागतो. आतला उंदीर बाहेर जाऊ नये हे तर खरेच. पण बाहेरचा उंदीर खाद्याच्या वासाने पिंजऱ्यावर येऊन मुतू नये, हे त्याहून महत्त्वाचे. म्हणून खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, सांडलेले दाणे रात्रीपूर्वी गोळा करावे आणि घरातील उंदरांची बिळे प्रथम बुजवावी. तळाशी धुळीविरहित भुसा, भाताचा तूस किंवा छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या घालाव्या. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा टाळावा. गहू, बाजरी, थोडे भाजलेले हरभरे आणि अधूनमधून गाजराचा तुकडा हे खाद्य घरातच मिळते. उंदराचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडण्यास साध्या लाकडाचा तुकडा द्यावा. पाणी उघड्या वाटीत न ठेवता नळीच्या बाटलीतून द्यावे, म्हणजे भुसा ओला होत नाही.

लखनौच्या हवेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. प्रयोगशाळांसाठी भारतात घालून दिलेल्या मार्गदर्शनात उंदरांसाठी १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे. लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लू वाहते. उंदराला घाम येऊन अंग थंड करता येत नाही. तो शेपटीतून उष्णता टाकतो आणि अंगाला लाळ फासतो, आणि एवढ्यावर त्याचा निभाव लागत नाही. बंद बाल्कनीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला पिंजरा दुपारपर्यंत भट्टी होतो. ज्या घरात उन्हाळ्यात एक तरी खोली थंड राखता येत नाही, त्या घराने उंदीर पाळू नये. कूलरचा झोत मात्र थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये; त्याच्या ओलाव्याने भुसा दमट होतो. जानेवारीच्या कडाक्यात याच प्राण्याला घरटे करण्यासाठी कागदाचे जास्त तुकडे लागतात.

हाताळण्याची रीत

उंदीर बहुधा चावतो तो भीतीपोटी. उंदीर भितो तो मुख्यत्वे त्याला पकडण्याच्या रीतीमुळे. शेपूट धरून उचलणे ही जुनी, सर्वत्र चाललेली पद्धत. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट व रिबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की, शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि अधिक चिंताग्रस्त राहतात. तेच एखाद्या नळीतून किंवा ओंजळीतून उचलले तर ते हाताजवळ स्वखुशीने येतात. ज्या गोष्टीने प्राण्याचे भय कमी होते, तिनेच मुलाच्या बोटाचे रक्षण होते. येथे दयेचा आणि सुरक्षिततेचा मार्ग एकच आहे.

म्हणून पुठ्ठ्याची लहानशी नळी पिंजऱ्यात कायम ठेवावी. उंदीर तिच्यात शिरला की दोन्ही तोंडांवर हात धरून नळी उचलावी. काही दिवसांनी तो आपण होऊन ओंजळीत येईल. पहिले दोन-तीन दिवस त्याला मुळीच हात लावू नये. नुसता हात पिंजऱ्यात स्थिर ठेवून वास ओळखू द्यावा. झोपलेल्या उंदराला एकाएकी उचलू नये. हाताळणे नेहमी खाली बसून, मांडीवर किंवा टेबलावर करावे. उंचीवरून पडल्यास त्याची हाडे मोडतात. त्याला ओठांशी नेऊ नये, सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरू नये, आणि ताटाजवळ तर कधीच आणू नये.

हात दोनदा धुवावे; हाताळण्यापूर्वी व नंतर, साबणाने. पूर्वी धुण्याचेही कारण आहे, कारण हाताला अन्नाचा वास असला तर बोट हा खाऊ समजून उंदीर चावा घेतो. हातावर जखम असल्यास ती झाकावी किंवा हातमोजा घालावा. पिंजऱ्याची साफसफाई आठवड्यातून एकदा तरी, प्रौढ माणसाने, उघड्या हवेत, नाक-तोंड झाकून करावी. वाळलेल्या लेंड्या झाडूने उडवू नयेत. त्या आधी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने भिजवून मग पुसाव्या, म्हणजे धूळ उडत नाही. टाकाऊ भुसा कागदात बांधून कचऱ्यात द्यावा. पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी किंवा भांडी घासण्याच्या मोरीत धुऊ नये.

एवढे करूनही कधी चावा बसलाच, तर घाबरून उंदीर फेकू नये. जखमेतून थोडे रक्त वाहू द्यावे, साबण व वाहत्या पाण्याने ती काही मिनिटे नीट धुवावी, आणि वैद्यास दाखवावी. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते सांगावे. हळद, चुना, तंबाखू असे काही जखमेत भरू नये. उंदराच्या चाव्याने रेबीज होण्याचा संभव अत्यल्प मानला जातो, तरी लस द्यावयाची की नाही हा निर्णय वैद्याचा. पुढील तीन-चार आठवड्यांत ताप, पुरळ वा सांधेदुखी दिसली, तर पुन्हा जावे आणि चाव्याची आठवण करून द्यावी.

शेवटी पुन्हा मूळ प्रश्नाकडे यावयाचे. उंदराचे आयुष्य दीड ते अडीच वर्षांचे. त्या अल्प काळात मूल त्याला वाढताना, म्हातारा होताना आणि एक दिवस निपचित पडलेला पाहते. तेव्हा त्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, हात धुऊन निरोप द्यावा. आणि पिंजरा लगेच भरण्याची घाई करू नये. या सगळ्यात मूल जे शिकते त्याला कोणी जीवशास्त्र म्हणेल, कोणी भूतदया. परंतु भिंतीपलीकडे कोणी आजारी मनुष्य राहतो का, हे आधी विचारून मग पिंजरा घरात आणणारे मूल त्याहून अधिक काही शिकलेले असते. वृंदावन योजनेतील घरे एकमेकांना लागून आहेत, आणि एका घरातील सवय दुसऱ्या घरात पोचण्यास फारसा वेळ लागत नाही. पांढरा उंदीर पाळावयाचा की नाही याचा निर्णय घराने घ्यावा. पण तो घेताना शेजारच्या दारावर एकदा टकटक करावी.